हाताच्या अंतरावर

मागच्या अंकात ‘आपली मुलं आणि पाणी’ या विषयावर प्रश्न मागवले होते. अपंग मुलांच्या पालकांकडून इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून आलंय : ‘आम्ही त्याला पाण्याजवळ नेतच नाही.’ तेवीस वर्षं मी अशा मुलांना पाण्यात उतरवतेय, आणि माझं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. पाच निवडली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, बोलत नाही. पाणी दिसलं की हात सोडवून धावत सुटतो. मागच्या सुट्टीत समुद्रावर कपड्यांसकट धावला, मी त्याला कंबरभर पाण्यातून ओढून आणलं. तेव्हापासून घरात समुद्राचं नाव काढायची सोय नाही. पोहायला शिकवावं असं मला वाटतं, पण सासूबाई म्हणतात, शिकला तर अजून धीट होईल. कुणाचं ऐकू? – एक आई

उत्तर : सासूबाईंची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करते. अमेरिकेतल्या १९९९ ते २०१४ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांखालच्या स्वमग्न मुलांना बुडून मरण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट असल्याचं त्यात दिसलं. त्याआधी २०१२ मध्ये तिथल्याच पालकांच्या पाहणीत, चार वर्षांवरच्या स्वमग्न मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकदा तरी नजर चुकवून निघून जायचा प्रयत्न केल्याचं पुढे आलं. तुमचा मुलगा काही जगावेगळं करत नाहीये.

पण यावरून ‘पाणी बंद’ असा निष्कर्ष मी काढत नाही. तुम्ही नेलंत किंवा नाही नेलंत, तो पाण्यापाशी जाणारच आहे. प्रश्न एवढाच, की तिथे पोचेल तेव्हा त्याला काय येत असेल. धीट तर तो आत्ताच आहे. नुसता धीटपणा आहे आणि पाण्यात काय करायचं ते ठाऊक नाही, हीच तर काळजीची गोष्ट आहे.

म्हणून हातपाय मारणं नंतर. आधी तीनच गोष्टी : पाण्यात पडलो की वळायचं, काठ धरायचा, आणि काठ लांब असेल तर पाठीवर तरंगायचं. तिसरी सर्वांत अवघड, कारण पाठीवर झोपलं की कान पाण्यात जातात आणि सगळे आवाज बदलतात. माझ्याकडे एक मुलगा होता, छातीभर पाण्यात मजेत उभा राहायचा, पण कानाला थेंब लागला की किंचाळत बाहेर. आम्ही पाठीवर झोपवणं सोडूनच दिलं. रोज पायरीवर बसून ओला स्पंज आधी त्याच्या हातावर, मग खांद्यावर, मग मानेवर. नवव्या दिवशी त्यानंच माझ्या हातातला स्पंज काढून घेतला आणि स्वतःच्या कानावर पिळला. मग माझ्या कानावर. त्या आठवड्यात तो पाठीवर झोपला, अर्धा मिनिट, डोकं माझ्या खांद्यावर टेकवून. शिकवणाऱ्याला घाई असेल तर हे जमत नाही. घाई असलेला शिक्षक नकोच.

तिन्ही गोष्टी जमल्या की नेहमीचे कपडे घालून पुन्हा करून घ्या. तो धावेल तेव्हा पोहण्याचा पोशाख घालून थोडाच धावणार आहे?

आता समुद्र. तलावात शिकलेलं समुद्रात आपोआप वापरता येत नाही, आणि या मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. तलावाला काठ असतो, समुद्राला नसतो. म्हणून काठ आपण तयार करायचा. जीवरक्षक जिथे लक्ष ठेवून असतात तिथे पुष्कळ देशांत लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, त्या दोन झेंड्यांमधली जागा हे त्याचं ‘आत’. नसतील तिथे जीवरक्षकाला विचारून त्याच्या नजरेसमोरची जागा घ्या आणि आपल्याच दोन रंगीत काठ्या रोवा. पाण्याच्या तीन पावलं अलीकडे दर वेळी थांबायचं, तुमचा हात धरायचा, मग पुढे. शंभर वेळा. घरून निघण्याआधी चित्रांची पट्टी दाखवा : गाडी, वाळू, थांबणं, पाणी, टॉवेल, परत गाडी. शेवटची दोन चित्रं लोक विसरतात. माझा अनुभव असा, की आत जाताना त्रास कमी, बाहेर काढताना जास्त. बाहेर यायचं आहे हे आधी कळलेलं नसतं, आणि मूल हिसडा देऊन पळतं ते तेव्हा.

पोशाख भडक केशरी किंवा भडक गुलाबी घ्या. निळा, आकाशी, पांढरा नको, पाण्याखाली तो दिसेनासा होतो. आणि हे घरातल्या सगळ्यांना पाठ करवा : मूल दिसेनासं झालं तर पहिल्यांदा पाण्याकडे धावायचं. गाडी, खोली, शेजार, सगळं त्यानंतर.

राहता राहिलं लक्ष ठेवणं. ‘आम्ही सगळे होतो’ म्हणजे कुणीच नव्हतं. एका वेळी एकच माणूस, वीस मिनिटं, हाताच्या अंतरावर, फोन दुसऱ्याच्या खिशात. पाळी बदलताना तोंडानं म्हणायचं, ‘आता तू.’ समोरच्यानं ‘हो, आता मी’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. सासूबाईंनाही एक पाळी द्या. त्यांचं लक्ष तुमच्यापेक्षा तीक्ष्ण असेल अशी मला शंका आहे.

प्रश्न : ताई, वयानं तुम्ही माझ्या मुलीसारख्या, म्हणून मोकळेपणानं विचारतो. नात नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे, उजवी बाजू जास्त ताठ. व्हीलचेअरवर असते. तिला लाटा अंगावर घ्यायच्यात. दंडाला बांधायचे फुगे आणून ठेवले आहेत. तेवढ्यानं भागेल का? आणि वाळूत खुर्ची रुतते त्याचं काय करावं? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, फुग्यांबद्दल मी आधी माझी चूक सांगते, मग तुमच्या प्रश्नाकडे येते.

या कामात नवी असताना साधारण तुमच्या नातीएवढ्याच एका मुलाला, दोन्ही दंडांना फुगे बांधून, मी उथळ बाजूला सोडलं होतं. वळून दुसऱ्याचा चष्मा नीट केला, बस्स. परत पाहिलं तर दोन्ही फुगे पाण्यावर छान तरंगत होते आणि त्यांच्या मधोमध त्याच्या डोक्याची मागची बाजू. आवाज नाही, हात आपटणं नाही, शिंतोडे नाहीत. मी त्याला उलटवलं, तो खोकला, रडला, आणि मग माझ्यावर चिडला, जे योग्यच होतं. बुडणारा माणूस ओरडतो हे आपल्याला वाटतं. श्वास घ्यायला तोंड मोकळं नाही तिथे ओरडणार कशानं?

झालं असं, की एक बाजू ताठ असलेलं शरीर पाण्यात त्या बाजूला आपोआप गोल फिरतं. फुगे दोन्हीकडे सारखेच उचलतात, शरीर सारखं नसतं. आणि एकदा पालथं झालं की तेच फुगे परत उताणं होऊ देत नाहीत. तुमच्या नातीचे ते फुगे खेळण्यांच्या टोपलीत टाका.

तिला शिकवायची ती वळण्याची कला. हे मी शोधलेलं नाही. जेम्स मॅकमिलन नावाचा, पाण्याच्या हालचालीचं शास्त्र जाणणारा अभियंता १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवू लागला. त्यानं फुगे, तरंगायची कडी सगळं बाजूला ठेवलं आणि एका मुलीमागे एक मदतनीस दिला. मुलीनं आधी पाण्यावर फुंकर मारायला शिकायचं, म्हणजे तोंड पाण्याजवळ आलं की श्वास आपसूक बाहेर सुटतो. मग बसल्याचं झोपणं, झोपल्याचं बसणं. मग पालथं असताना कुशीवरून उताणं होणं. पाण्यात शरीर कोणत्या बाजूनं फिरतं ते तिला स्वतःला कळू लागतं, आणि डोकं किंवा हात जरासा वळवून ते थोपवता येतं. ‘हॅलिविक पद्धत’ या नावानं आज ती अनेक देशांत शिकवली जाते. तुमच्या जवळपास तशी शिकवणारी व्यक्ती किंवा पाण्यातल्या व्यायामाची माहितगार फिजिओथेरपिस्ट मिळाली तर आधी तिच्याकडे जा. पाणी कोमट असलेलं बरं, गारठ्यानं तिचे स्नायू आणखी आखडतील.

समुद्रात मात्र लाइफ जॅकेट हवंच. ते पाण्यात किती जोरानं उचलून धरतं त्याचा आकडा त्यावर न्यूटनमध्ये छापलेला असतो. ५० चं जॅकेट ज्याला पोहता येतं त्याला हात देण्यापुरतं असतं, ते कुणाला उताणं करत नाही. १०० किंवा त्यावरचं जॅकेट तोंड वर राहावं या हिशेबानं केलेलं असतं. पण तो हिशेब सर्वसाधारण शरीराचा, तिचा नव्हे. म्हणून ते घालून आधी तलावात, तिच्या आईबाबांनी धरून, हळूच हात सैल करून पाहायचं : कशी तरंगते, कुठे कलते, तोंड खरंच वर राहतं का. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर जॅकेट वर सरकून कानापाशी येतं.

खुर्चीचं म्हणाल तर तिची रोजची खुर्ची वाळूत आणि खाऱ्या पाण्यात नेऊ नका, बेअरिंगची वाट लागते. समुद्रकिनाऱ्यासाठी जाड, फुगीर, कमी हवेच्या चाकांच्या खुर्च्या मिळतात, त्या रुतत नाहीत. काही तरंगतातही, पण तरंगते म्हणून ती होडी होत नाही, मोठ्या माणसाचा हात तिच्यावर हवाच. जिथे सोय चांगली आहे तिथे वाळूवर पाण्यापर्यंत जाड चटयांची वाट अंथरलेली असते. ग्रीसमध्ये तर बऱ्याच किनाऱ्यांवर रुळांवरून सरकणारी, सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची आहे. माणूस स्वतः बटण दाबून पाण्यात उतरतो आणि स्वतः परत येतो. ‘स्वतः परत येतो’ हा भाग मला सर्वांत आवडतो.

यातलं काहीच नसेल तर दोन माणसांनी उचलून न्या, पण उचलायची पद्धत घरी करून पाहा, आणि तिला विचारून उचला. पट्ट्यानं खुर्चीला बांधलेलं असताना पाण्यात नको, होडीतही नको.

एक सापळा सांगून ठेवते. तिची काळजी म्हणून तुम्ही किनाऱ्यावर सर्वांत शांत जागा शोधाल : दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, जरा गडद. ती शांत जागा नव्हे. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच आत परत जात असतं, माणसाला घेऊन. तुमच्या नातीला हव्यात त्या छोट्या फुटलेल्या, फेसाळ लाटा, गुडघ्याएवढ्या पाण्यात, जीवरक्षकासमोर. तेवढ्यात ती खूश होईल. तुम्हीही व्हाल.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, फिट्स येतात, औषध चालू आहे. गेल्या आठ महिन्यांत एकही आली नाही. शाळेच्या सहलीत समुद्र आहे. पाठवावं का? – एक बाबा

उत्तर : तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ते हो म्हणाले तर पुढचं वाचा.

अपस्मार असलेल्यांना बुडण्याचा धोका इतरांच्या १५ ते १९ पट असल्याचा अंदाज २००८ च्या एका अभ्यासात दिला आहे, म्हणून ‘आठ महिने आली नाही’ याच्या भरवशावर सैल राहू नका. शाळेला लेखी द्या : ती पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस तिच्यासोबत पाण्यात, तिला उचलू शकेल असं, आणि फिट आली तर काय करायचं हे माहीत असलेलं. काठावर बसलेले गुरुजी यात धरायचे नाहीत. फिट पाण्यातच आली तर मागून धरून तोंड पाण्यावर ठेवायचं, झटके दाबून थांबवायचे नाहीत, ओसरले की बाहेर काढून श्वास पाहायचा. पाणी छातीत गेलं असू शकतं, म्हणून ती नंतर ठीक दिसली तरी दवाखान्यात न्यायचीच. गोळी चुकली, रात्री जागरण झालं किंवा ताप असेल तर त्या दिवशी फक्त वाळू.

शाळा एवढं करायला तयार नसेल तर सहलीला पाठवा, पाण्यात नको म्हणून सांगा, आणि पुढच्या सुट्टीत तुम्ही घेऊन जा. जाता जाता : घरी न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नका, आणि टब असेल तर त्याऐवजी शॉवर. तुम्ही विचारलं नव्हतं, पण समुद्र वर्षातून एकदा येतो, आंघोळ रोज असते.

प्रश्न : मी तेरा वर्षांचा आहे. मला ऐकू येत नाही. मला पोहता येतं, शाळेत माझा दुसरा नंबर आहे. समुद्रावरच्या जीवरक्षक शिबिरात नाव द्यायला गेलो तर सर म्हणाले, शिट्टी ऐकू येत नाही, जबाबदारी कोण घेणार. हे बरोबर आहे का? – मी

उत्तर : नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

सरांची काळजी खरी आहे, उत्तर चुकीचं आहे. शिट्टी ऐकू येत नाही तर शिट्टीला जोड द्यायची, मुलाला काढायचं नाही. आणि वारा आणि लाटा असल्या की ऐकू येणाऱ्यांनाही शिट्टी कितीदा कळत नाही, हे मी पाहिलंय. समुद्रात ज्याचे कान चांगले त्याचेही अर्धे बंद असतात.

जपानमध्ये काय केलं ते सरांना दाखव. त्सुनामीचा इशारा भोंग्यांवरून दिला जायचा, तो तुझ्यासारख्यांपर्यंत पोचत नव्हता. २०२० पासून तिथे किनाऱ्यांवर लाल-पांढऱ्या चौकटींचा मोठा झेंडा फडकवायला सुरुवात झाली. तो दिसला की पाण्याबाहेर यायचं आणि उंचावर जायचं. केला तो ऐकू न येणाऱ्यांसाठी, उपयोग झाला दूर पोहत असलेल्या सगळ्यांना. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्क करारात ३० वं कलम आहे. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीनं खेळात आणि करमणुकीत भाग घेता यावा, असं त्यात लिहिलंय. तेही दाखव, पण आधी झेंडा. कलम दाखवलं की माणसं आडमुठी होतात.

सरांना असा कागद लिहून दे : (मी नमुना देते, भाषा तुझी घाल.) ‘मला एक जोडीदार द्या, आम्ही दोघं एकमेकांच्या नजरेत राहू. किनाऱ्यावर एक भडक झेंडा ठेवा, उभा धरला की परत या, आडवा हलवला की थांबा. दर काही हात मारल्यावर मी किनाऱ्याकडे पाहीन. मला मदत लागली तर एक हात सरळ वर करून हलवीन. सूचना पाण्यात उतरायच्या आधी, माझ्याकडे तोंड करून द्या.’ श्रवणयंत्र वापरत असशील तर ते पाण्यात काढावं लागतं, म्हणजे काठावर तुला जेवढं कळतं तेवढं आत कळणार नाही, हेही लिही. स्वतःची अडचण स्वतः नेमकी मांडणाऱ्या मुलाला नाही म्हणणं सरांना जड जाईल. तरीही म्हणाले तर मला परत लिही. मी सरांना लिहीन.

प्रश्न : आमचा तरुणांचा गट आहे. विशेष मुलांसाठी किनाऱ्यावर एक दिवस करायचाय. साठ मुलं, तीस स्वयंसेवक, टीशर्ट छापलेत, बॅनर तयार आहे. सुरक्षिततेसाठी काय काय लागेल त्याची यादी द्याल का? – एक कार्यकर्ती

उत्तर : यादी देत नाही. आकडा उलटा करा. तीस मुलं, साठ स्वयंसेवक. तेवढी माणसं नसतील तर पंधरा मुलं. पाण्यात एका मुलामागे किमान एक मोठं माणूस, आणि काही मुलांमागे दोन. हे ठरल्याशिवाय बाकी सगळी तयारी फुकट आहे.

तुम्ही पालकांना भरायला दिलेला फॉर्म पत्रासोबत जोडलाय. त्यात ‘अपंगत्वाचा प्रकार’ आणि ‘टक्केवारी’ आहे. माझ्या काही कामाचं नाही. मला हवंय ते असं : घाबरला की काय करतो? ‘नको’ कसं सांगतो? फिट येते का, शेवटची कधी? धरलेलं कुठे चालतं, कुठे नाही? पायाला ऊन-थंड कळतं का? (हा शेवटचा प्रश्न जपा. पाठीच्या कण्याच्या दोषामुळे पायाची संवेदना नसलेल्या मुलाला तापलेल्या वाळूनं फोड येतात आणि त्याला संध्याकाळपर्यंत पत्ता नसतो. पायात बूट हवेत, आणि बाहेर आल्यावर तळवे तपासायचे.) डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तेव्हा डोक्यावर सूर मारणं त्यांच्यासाठी बंद, डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय.

स्वयंसेवकांना आदल्या आठवड्यात मुलांना भेटवा, जमलं तर तलावावर. किनाऱ्यावर पहिल्यांदा ओळख करून घेणं हे मुलावर अन्यायाचं आहे. त्याच्यासाठी वारा नवा, वाळू नवी, आवाज नवा, वर अंगाला हात लावणारा माणूसही नवा. ऑस्ट्रेलियातल्या सर्फ क्लबांमध्ये (म्हणजे किनाऱ्यावर जीवरक्षणाचं काम करणाऱ्या मंडळांमध्ये) लहान मुलांना किनाऱ्यावरच जीवरक्षणाचे धडे देतात, आणि त्यातल्या काही क्लबांनी अपंग मुलांसाठी तसेच वर्ग चालवले आहेत. एक दिवसाचा सोहळा नसतो तो, हंगामभर त्याच मुलांनी त्याच माणसांबरोबर येत राहायचं असतं. तुमचा एक दिवस मला म्हणूनच थोडा खटकतो. साठ मुलांचा एक दिवस करण्याऐवजी दहा मुलांचे सहा दिवस करा, मी स्वतः येईन.

भावंडांना बोलवा. मोठ्या मुलांना कपडे बदलायला आडोसा आणि झोपवून बदलता येईल असं बाकडं ठेवा. चौदा वर्षांच्या मुलीला वाळूवर टॉवेल धरून बदलायला लावू नका. एक शांत तंबू ठेवा, त्यात कुणी गाणी लावायची नाहीत. पाण्यात उतरायचं की नाही हे ठरवणारं माणूस एकच, आणि ते जीवरक्षकाचं ऐकणारं. तो नाही म्हणाला तर बॅनर गुंडाळायचा, वाळूत किल्ले करायचे. पाहुणे आलेत म्हणून मुलांना पाण्यात उतरवलेलं मी पाहिलंय. ते करू नका.

टीशर्ट मात्र उपयोगी आहेत. रंग तुम्ही सांगितला नाहीत. आकाशी असतील तर परत द्या.